नमुनाफलांची अभिनती आणि परिवर्तनशीलता : पीक कापणी प्रयोगाच्या आधारे एक विवेचन

सारांश

नमुन्यावरून समष्टीविषयी अनुमान काढताना दोन भिन्न स्वरूपाच्या चुका संभवतात. एक चूक सतत एकाच दिशेने होते; तिला अभिनती म्हणतात. दुसरी चूक नमुना बदलला की बदलते, कधी वर तर कधी खाली जाते. तिला परिवर्तनशीलता म्हणतात. पदवी स्तरावरील प्राथमिक अभ्यासक्रमात या दोन्ही संज्ञा शिकविल्या जातात, परंतु त्यांतील मूलभूत भेद विद्यार्थ्यांच्या मनात स्पष्ट होतोच असे नाही. परिणामी ‘नमुना मोठा घेतला की अंदाज अचूक येतो’ हा समज दृढ होतो. प्रस्तुत लेखात तीन शेतांच्या छोट्या उदाहरणातून आणि भारतातील पीक कापणी प्रयोगांच्या इतिहासातून या भेदाचे स्पष्टीकरण केले आहे. परिवर्तनशीलतेचा अंदाज नमुन्यातूनच मिळतो, अभिनतीचा मात्र मिळत नाही, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजशब्द : समष्टी, नमुना, प्रचल, नमुनाफल, अभिनती, परिवर्तनशीलता, प्रमाण त्रुटी, पीक कापणी प्रयोग.

१. प्रास्ताविक

संख्याशास्त्र हा आज केवळ गणिताच्या विद्यार्थ्यांचा विषय राहिलेला नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य, भूगोल, मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि जीवशास्त्र या सर्व विषयांतील संशोधक नमुना निवडतात, सरासरी व प्रमाण विचलन काढतात आणि त्यावरून निष्कर्षाप्रत येतात. सूत्रे संगणकात तयार असल्याने आकडेमोडीचा त्रास उरलेला नाही. तथापि सूत्रामागील गृहीतकांचा विचार त्यामुळे मागे पडण्याचा धोका वाढला आहे.

नमुन्यावरून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा वेगळी आली, तर त्या फरकाला ‘चूक’ असे एकच नाव देऊन भागत नाही. ती चूक कोणत्या जातीची आहे, यावर तिचा उपाय अवलंबून असतो. एका जातीच्या चुकीवर नमुन्याचा आकार वाढविणे हा उपाय आहे. दुसरीवर तो उपाय नाहीच, उलट त्यामुळे चुकीच्या उत्तरावरील विश्वास वाढतो. हा भेद व्यवहारात किती महत्त्वाचा आहे हे शेतकऱ्याला मिळणाऱ्या पीक विम्याच्या रकमेपर्यंत दाखविता येते. म्हणूनच येथे कृषी क्षेत्रातील उदाहरण घेतले आहे.

२. मूलभूत संज्ञा

ज्या सर्व घटकांविषयी माहिती हवी असते त्यांच्या समुच्चयास समष्टी म्हणतात. एखाद्या महसूल मंडळातील सोयाबीनची सर्व शेते ही एक समष्टी होय. त्या सर्व शेतांची मिळून जी खरी सरासरी उत्पादकता असते ती समष्टीचा प्रचल होय. प्रचल निश्चित असतो, पण अज्ञात असतो. समष्टीतून निवडलेल्या काही घटकांस नमुना म्हणतात आणि नमुन्यातील निरीक्षणांवरून काढलेल्या संख्येस नमुनाफल म्हणतात. नमुना सरासरी, नमुना मध्यका, नमुना प्रचरण ही सर्व नमुनाफले आहेत.

नमुना बदलला की नमुनाफल बदलते. एकच पद्धत वापरून पुनःपुन्हा नमुने घेतले, तर नमुनाफलाच्या अनेक किमती मिळतील. या किमतींचे वितरण म्हणजे नमुनाफलाचे नमुना वितरण. प्रत्यक्षात संशोधकाच्या हाती या वितरणातील एकच किंमत असते. परंतु अभिनती आणि परिवर्तनशीलता हे दोन्ही गुणधर्म त्या संपूर्ण वितरणाचे आहेत.

नमुना वितरणाचे केंद्र, म्हणजे सर्व संभाव्य किमतींची सरासरी, प्रचलाच्या किमतीशी जुळत असेल तर ते नमुनाफल अनभिनत आहे असे म्हणतात. केंद्र आणि प्रचल यांतील अंतर म्हणजे अभिनती. नमुना वितरणातील किमती आपल्याच केंद्राभोवती किती पसरल्या आहेत, ती परिवर्तनशीलता. या पसाऱ्याच्या प्रमाण विचलनास प्रमाण त्रुटी असे म्हणतात. केंद्र कोठे आहे हा एक प्रश्न, आणि पसारा किती आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावरून मिळत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हातातील एका नमुन्याकडे पाहून ‘या नमुन्यात अभिनती आहे’ असे म्हणणे काटेकोर नव्हे. अभिनती ही नमुन्याची नसून पद्धतीची असते. अनभिनत पद्धतीनेही एखादा नमुना प्रचलापासून दूर पडू शकतो आणि सदोष पद्धतीनेही एखादे वेळी योगायोगाने बरोबर उत्तर येऊ शकते.

३. तीन शेतांची समष्टी

समजा, समष्टीत तीनच शेते आहेत आणि त्यांची उत्पादकता हेक्टरी ६, ९ व १५ क्विंटल आहे. खरी सरासरी १० क्विंटल. विचलनांच्या वर्गांची सरासरी म्हणजे प्रचरण; येथे ते (१६ + १ + २५) ÷ ३ = १४ आहे. आता एक शेत यादृच्छिक रीतीने निवडून, ते परत यादीत ठेवून, पुन्हा एक शेत निवडले असे मानू. दोन निरीक्षणांचे एकूण ९ नमुने संभवतात व ते सर्व समसंभाव्य आहेत.

तक्ता १ : दोन निरीक्षणांचे सर्व संभाव्य नमुने

| नमुना | वारंवारता | नमुना सरासरी | प्रचरण (भाजक २) | प्रचरण (भाजक १) |
|---|---|---|---|---|
| ६, ६ | १ | ६ | ० | ० |
| ९, ९ | १ | ९ | ० | ० |
| १५, १५ | १ | १५ | ० | ० |
| ६, ९ | २ | ७.५ | २.२५ | ४.५ |
| ६, १५ | २ | १०.५ | २०.२५ | ४०.५ |
| ९, १५ | २ | १२ | ९ | १८ |
| सर्व ९ नमुन्यांची सरासरी | | १० | ७ | १४ |

या तक्त्यातून काही महत्त्वाच्या बाबी निदर्शनास येतात.

पहिली बाब म्हणजे ९ नमुन्यांपैकी एकाही नमुन्याची सरासरी नेमकी १० येत नाही. तरीही नऊ सरासऱ्यांची सरासरी नेमकी १० आहे. नमुना सरासरी अनभिनत आहे याचा अर्थ ती बरोबर येते असा नसून, ती कोणत्याही एका बाजूला झुकत नाही, इतकाच आहे. नमुना सरासरीचे प्रचरण काढल्यास ते ७, म्हणजे समष्टीच्या प्रचरणाच्या निम्मे येते. निरीक्षणे चार घेतली तर ते एक-चतुर्थांश होईल आणि प्रमाण त्रुटी समष्टीच्या प्रमाण विचलनाच्या निम्मी होईल. प्रमाण त्रुटी निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो, हा नियम येथून येतो.

दुसरी बाब प्रचरणाविषयी आहे. वर्गांच्या बेरजेला निरीक्षणांच्या संख्येने, म्हणजे २ ने भागले तर सर्व नमुन्यांची सरासरी ७ येते. खरे प्रचरण मात्र १४ आहे. हे नमुनाफल सतत कमी अंदाज देणारे आहे. १ ने भागल्यास सरासरी नेमकी १४ येते. नमुन्याच्या आकारातून १ वजा करण्याचा, बेसल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा संकेत विद्यार्थी पाठ करतात. त्याचे कारण मात्र पुष्कळदा अनुत्तरित राहते. कारण असे : विचलने खऱ्या सरासरीपासून मोजायला हवीत, पण ती अज्ञात असल्याने नमुना सरासरीपासून मोजली जातात, आणि नमुना सरासरी ही त्या नमुन्यातील निरीक्षणांच्याच मध्यभागी बसलेली असते. ६ व ९ या नमुन्यात ७.५ पासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४.५ आहे; खऱ्या सरासरीपासून, म्हणजे १० पासून, ती १६ + १ = १७ भरते. जी १२.५ इतकी घट झाली ती म्हणजे नमुना सरासरी खऱ्या सरासरीपासून २.५ ने ढळली त्याच्या वर्गाची दुप्पट होय. सर्व नमुन्यांचा विचार केल्यास वर्गांची खरी बेरीज सरासरी २८ असते, त्यातून १४ ची घट होते व १४ उरतात. म्हणून भाजकही २ ऐवजी १ घ्यावा लागतो.

तिसरी बाब अध्यापनात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रचरण अनभिनत झाले म्हणून त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, अनभिनत होत नाही. वरील उदाहरणात भाजक १ घेऊन काढलेल्या नऊ प्रमाण विचलनांची सरासरी सुमारे २.८३ येते, खरे प्रमाण विचलन मात्र १४ चे वर्गमूळ म्हणजे सुमारे ३.७४ आहे. ‘भाजकातून १ वजा केल्याने प्रमाण विचलन अनभिनत होते’ हे विधान म्हणून चुकीचे ठरते. वर्गमूळ, गुणोत्तर यांसारख्या अरेषीय क्रियांतून अनभिनतता सर्वसाधारणपणे टिकत नाही. इतर नमुनाफलांबाबतही सावध राहावे लागते. नमुन्यातील महत्तम किमतीची सरासरी येथे १२ येते, तर समष्टीतील महत्तम किंमत १५ आहे. समष्टीची मध्यका ९ आहे, पण दोन निरीक्षणांची मध्यका त्यांची सरासरीच असल्याने तिच्या नमुना वितरणाचे केंद्र १० येते. अभिनती नाही हा सरासरीचा गुण सर्व नमुनाफलांना आपोआप लागू करता येत नाही.

४. अनभिनतता हाच एकमेव निकष आहे काय?

नेमबाजाच्या लक्ष्यफलकाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. गोळ्या लक्ष्याभोवती चोहीकडे विखुरल्या तर परिवर्तनशीलता अधिक. सर्व गोळ्या एकाच ठिकाणी पण लक्ष्यापासून दूर लागल्या तर अभिनती अधिक. उदाहरण चांगले आहे, पण त्यात एक त्रुटी आहे. नेमबाजाला लक्ष्य दिसत असते. नमुना घेणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला फक्त आपल्या गोळीची खूण दिसते.

एकूण चुकीचे माप म्हणून प्रचलापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी घेतली जाते. ही राशी अभिनतीचा वर्ग आणि नमुनाफलाचे प्रचरण यांच्या बेरजेइतकी असते. तीन शेतांच्या उदाहरणात भाजक १ असलेल्या नमुना प्रचरणाची अभिनती शून्य, पण त्याचे स्वतःचे प्रचरण २४५ आहे. एकूण चूक २४५. भाजक २ घेतल्यास अभिनती उणे ७ म्हणजे तिचा वर्ग ४९, आणि प्रचरण ६१.२५, एकूण चूक ११०.२५. या निकषावर अभिनत नमुनाफलच सरस ठरते. अल्प व ज्ञात अभिनती पत्करून परिवर्तनशीलता बरीच कमी होत असेल तर तो व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. मात्र येथे ‘ज्ञात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भाजकामुळे येणारी अभिनती सूत्रातून सांगता येते आणि नमुना वाढला की ती नाहीशी होत जाते. क्षेत्रीय कार्यपद्धतीतून येणारी अभिनती अशी नसते.

५. पीक कापणी प्रयोग : लहान वर्तुळाचा प्रश्न

शेतातील उभ्या पिकाचा ठरावीक आकाराचा तुकडा यादृच्छिक रीतीने निवडायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून उत्पादकतेचा अंदाज करायचा, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत. हबॅक यांनी बिहार व ओरिसातील भाताच्या उत्पादनासाठी यादृच्छिक नमुन्यांचा वापर केला व त्याचे विवेचन १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर नमुना सर्वेक्षणे केली. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत, मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या मार्गदर्शनाखाली पीक कापणीच्या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास झाला.

त्या काळातील एक महत्त्वाचा वाद तुकड्याच्या आकारासंबंधी होता. लहान तुकड्याचे फायदे उघड आहेत. वेळ व खर्च कमी लागतो आणि तेवढ्याच पैशांत अनेक ठिकाणी कापणी करता येते. परिवर्तनशीलता कमी करण्याच्या दृष्टीने पाहिले तर एका जागी मोठा तुकडा कापण्यापेक्षा अनेक जागी लहान तुकडे कापणे इष्ट. परंतु सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील टिपणात आणि त्यानंतरच्या लेखनात दाखवून दिले की फार लहान तुकड्यांवरून येणारे अंदाज खऱ्या उत्पादनापेक्षा सातत्याने जास्त येतात. लहान कापणीचा पुरस्कार करणाऱ्यांनीही या प्रश्नाची दखल घेतली. मतभेद मुख्यतः कोणत्या आकारापुढे ही अभिनती दुर्लक्षणीय होते याविषयीचा होता.

या अभिनतीचे मूळ तुकड्याच्या सीमेवर आहे. सीमारेषेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची सीमा लांब, आणि म्हणून सीमेवरील चुकीचा वाटा मोठा. ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २ फूट, त्रिज्येच्या वर्तुळात सीमा केवळ अडीच सेंटिमीटर बाहेर सरकली तर क्षेत्रफळ सुमारे ८.५ टक्क्यांनी वाढते. ५ मीटर बाजूच्या चौरसात चारही बाजू तेवढ्याच बाहेर सरकल्या तर वाढ सुमारे २ टक्के होते. हातून होणारी चूक तेवढीच आहे. तिचा परिणाम मात्र चौपटीहून अधिक आहे.

आता दोन योजनांची तुलना करू. आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी मानलेले आहेत. समजा, खरी उत्पादकता हेक्टरी १२ क्विंटल आहे. पहिल्या योजनेत १०० लहान वर्तुळे कापली. त्यांतील उत्पादनाचे प्रमाण विचलन ५ क्विंटल आणि अभिनती ८.५ टक्के, म्हणजे १.०२ क्विंटल आहे. प्रमाण त्रुटी ५ ÷ १० = ०.५ क्विंटल. दुसऱ्या योजनेत १६ मोठे चौरस कापले. प्रमाण विचलन ४ आणि अभिनती २ टक्के, म्हणजे ०.२४ क्विंटल आहे. प्रमाण त्रुटी ४ ÷ ४ = १ क्विंटल. केवळ प्रमाण त्रुटी पाहणाऱ्यास पहिली योजना दुप्पट चांगली वाटेल. अभिनतीचा वर्ग मिळविल्यास पहिल्या योजनेची एकूण चूक ०.२५ + १.०४ = १.२९ आणि दुसरीची १ + ०.०६ = १.०६ येते. सोळा कापण्या शंभर कापण्यांपेक्षा सरस ठरतात.

पहिल्या योजनेतील वर्तुळांची संख्या २,५०० पर्यंत वाढविली तर काय होईल? प्रमाण त्रुटी ०.१ वर येईल. अंदाज १३.०२ च्या आसपास स्थिरावेल आणि नेहमीच्या रीतीने काढलेला ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल साधारणपणे १२.८ ते १३.२ असा येईल. खरी किंमत, म्हणजे १२, त्या अंतरालाच्या पूर्णपणे बाहेर राहील. नमुना वाढला तशी चूक कमी झाली नाही. चुकीविषयीची शंका मात्र नाहीशी झाली.

निवडणुकांच्या इतिहासात याचे सुपरिचित उदाहरण आहे. अमेरिकेतील १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि २३ लाखांहून अधिक उत्तरांच्या आधारे लँडन विजयी होतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. दूरध्वनी व मोटारधारकांच्या यादीतून आलेली नावे तुलनेने सधन वर्गाकडे झुकलेली होती आणि उत्तर पाठविणारेही सर्वांचे प्रतिनिधी नव्हते. इतक्या उत्तरांमागील प्रमाण त्रुटी नगण्य होती. तिने या दोषाविषयी काहीही सांगितले नाही.

६. विमा भरपाई आणि अभिनतीची किंमत

हा प्रश्न केवळ अध्ययनकक्षापुरता नाही. २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत क्षेत्राधारित भरपाई ठरविताना पीक कापणी प्रयोगांतून आलेल्या सरासरी उत्पादनास मध्यवर्ती स्थान आहे. उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष सरासरी उत्पादन जेवढ्या प्रमाणात कमी, तेवढ्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई, असे तिचे सूत्र आहे.

समजा, उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल, खरे सरासरी उत्पादन ७ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४०,००० रुपये आहे. देय भरपाई १२,००० रुपये होते. कापणीच्या पद्धतीत ८.५ टक्क्यांची ऊर्ध्व अभिनती असेल तर उत्पादन ७.५९५ क्विंटल धरले जाईल आणि भरपाई ९,६२० रुपये होईल. हेक्टरी २,३८० रुपयांचा हा फरक त्या क्षेत्रातील प्रत्येक विमाधारकाला, आणि पद्धत न बदलल्यास प्रत्येक हंगामात, सोसावा लागेल. परिवर्तनशीलतेमुळे एखाद्या वर्षी कमी तर एखाद्या वर्षी जास्त रक्कम मिळते. अभिनतीचे नुकसान मात्र पुढील वर्षी भरून निघत नाही. अभिनती उलट दिशेची असेल तर तिचा भार विमा निधीवर पडेल. निवडलेले शेत आधीच कापले गेले म्हणून रस्त्यालगतचे सोयीचे शेत घेणे, ओलसर धान्याचे वजन वाळल्यानंतरचे वजन म्हणून नोंदविणे किंवा स्थानिक दबावाखाली पिकाचा विरळ भाग निवडणे, अशा अनेक वाटांनी ती शिरू शकते. परस्परविरुद्ध चुका एकमेकींना छेदतील असे गृहीत धरता येत नाही.

येथे आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. समजा, खरे उत्पादन उंबरठ्याइतकेच, म्हणजे १० क्विंटल आहे आणि अनभिनत पद्धतीने अंदाज ९ किंवा ११ असा समान शक्यतेने येतो. अंदाज ९ आल्यास भरपाई ४,००० रुपये. ११ आल्यास शून्य, कारण भरपाई उणे होत नाही. सरासरी भरपाई २,००० रुपये होते, वस्तुतः ती शून्य असावयास हवी. उत्पादनाचा अंदाज अनभिनत असूनही त्यावरून काढलेली रक्कम अभिनत झाली. प्रचरण अनभिनत असूनही प्रमाण विचलन अभिनत येते, त्याच तत्त्वाचे हे दुसरे रूप होय. या ठिकाणी परिवर्तनशीलतेनेच अभिनतीला जन्म दिला आहे, आणि म्हणून येथे कापण्यांची संख्या वाढविणे हा खरोखरच उपाय ठरतो.

७. नमुना काय सांगतो आणि काय सांगत नाही

वरील विवेचनाचा गाभा असा मांडता येईल. परिवर्तनशीलतेची खूण नमुन्यातच असते. यादृच्छिक नमुन्यातील निरीक्षणे एकमेकांपासून किती भिन्न आहेत यावरून, दुसरा नमुना घेतला असता तर सरासरी कितपत बदलली असती, याचा अंदाज करता येतो. प्रमाण त्रुटीचे सूत्र हेच काम करते. अभिनतीची खूण मात्र नमुन्यात नसते. सर्वच वर्तुळांत सीमेवरची ताटे आत घेतली गेली असतील तर सर्व निरीक्षणे सारखीच वर सरकतात. त्यांच्यातील परस्पर फरकात त्याचे चिन्ह उमटत नाही.

अभिनती शोधण्यासाठी म्हणूनच नमुन्याबाहेर जावे लागते. एक मार्ग म्हणजे त्याच क्षेत्राचे अधिक विश्वसनीय मापन करून तुलना करणे. लहान तुकड्यांचे अंदाज मोठ्या तुकड्यांशी वा संपूर्ण शेताच्या कापणीशी ताडून पाहणे हा तो मार्ग. दुसरा मार्ग महालनोबिस यांनी रूढ केलेल्या परस्परव्याप्त उपनमुन्यांचा आहे. एकाच समष्टीतून दोन किंवा अधिक स्वतंत्र उपनमुने घेऊन ते वेगवेगळ्या अन्वेषकांकडे सोपवितात. त्यांच्या निकालांत यदृच्छेने येईल त्याहून मोठा फरक आढळला तर कार्यपद्धतीत दोष असल्याचा संशय घेता येतो. अर्थात सर्व अन्वेषक एकच चूक करीत असतील तर ती या मार्गानेही उघड होत नाही. तिसरा आणि सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे प्रतिबंध : निवड यादृच्छिक सारणीनुसारच करणे, निवडलेला घटक सोयीसाठी न बदलणे आणि मोजमापाचे नियम आधीच लेखी स्वरूपात निश्चित करणे.

महाविद्यालयीन संशोधनासही हे लागू आहे. स्वतःच्या महाविद्यालयातील, वर्गात उपस्थित असलेल्या किंवा प्रश्नावली परत करण्यास राजी झालेल्या विद्यार्थ्यांचा नमुना घेऊन त्यावरून ‘महाराष्ट्रातील युवक’ याविषयी निष्कर्ष काढल्यास, कसोटीचे सूत्र बिनचूक असले तरी ते केवळ परिवर्तनशीलतेचा हिशेब देते. अनुपस्थित विद्यार्थी व उत्तर न देणारे विद्यार्थी यांचे मत वेगळे असेल तर प्रतिसादकांची संख्या १०० वरून ५०० केल्याने तो दोष दूर होत नाही. उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींचा यादृच्छिक नमुना घेऊन पाठपुरावा करणे हे चारशे सोयीस्कर उत्तरे वाढविण्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

८. अध्यापनासाठी काही सूचना

प्राथमिक अभ्यासक्रमात पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

(१) सूत्रापूर्वी संपूर्ण नमुना वितरण दाखवावे. तीन किंवा चार घटकांची समष्टी घेऊन विद्यार्थ्यांकडून सर्व नमुने लिहून घ्यावेत. परत न ठेवता निवड केल्यास वरील उदाहरणात तीनच नमुने उरतात आणि भाजक १ घेऊन प्रचरणांची सरासरी २१ येते. समष्टीच्या वर्गांच्या बेरजेला, म्हणजे ४२ ला, ३ ऐवजी २ ने भागल्यास तीच संख्या मिळते. हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावा.

(२) टेबलावर लहानमोठे साठ दगड क्रमांक घालून ठेवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम नजरेने ‘प्रातिनिधिक’ वाटणारे पाच दगड निवडावेत व नंतर यादृच्छिक अंकांच्या सारणीने पाच निवडावेत. दोन्ही प्रकारच्या सरासऱ्या फळ्यावर दोन आलेखांत मांडून सर्व दगडांच्या खऱ्या सरासरीशी ताडाव्यात. डोळा सहसा मोठ्या दगडाकडे आधी जातो; पहिल्या आलेखाचे केंद्र कोठे सरकले ते वर्गालाच दिसेल. नंतर पाचऐवजी दहा दगड घेऊन पाहावे. पसारा आटोपशीर होईल. नजरेने केलेल्या निवडीचे केंद्र त्यामुळे खऱ्या सरासरीवर येत नाही, हेही दिसेल.

(३) प्रश्नपत्रिकेत केवळ प्रमाण त्रुटी काढण्यास न सांगता, ‘या सर्वेक्षणात नमुना दुप्पट केल्याने कोणती चूक कमी होईल व कोणती होणार नाही?’ असा प्रश्न विचारावा.

(४) प्रकल्प अहवालात नमुन्याच्या आकाराबरोबरच निवडीची पद्धत, वगळले गेलेले घटक आणि प्रतिसाद न देणाऱ्यांचे प्रमाण नोंदविणे बंधनकारक करावे.

९. समारोप

अभिनती आणि परिवर्तनशीलता या एकाच चुकीच्या दोन मात्रा नसून भिन्न उगमाच्या, भिन्न उपायांच्या दोन चुका आहेत. परिवर्तनशीलता मोजता येते आणि नमुना वाढवून ती कमी करता येते. सूत्रातून येणारी अभिनती ज्ञात असते, तिचे परिमार्जन करता येते, आणि प्रसंगी ती पत्करणेही शहाणपणाचे ठरते. कार्यपद्धतीतून येणारी अभिनती मात्र आकडेवारीत दिसत नाही. ती शेताच्या बांधावर, प्रश्नावली वाटपाच्या टेबलावर आणि यादी तयार करण्याच्या क्षणी शोधावी लागते. लहान वर्तुळाच्या कडेला उभे असलेले एक ताट आत घ्यावे की बाहेर ठेवावे, या क्षुल्लक वाटणाऱ्या निर्णयावर हजारो शेतकऱ्यांच्या भरपाईचा आकडा अवलंबून राहू शकतो. संगणकाने दिलेल्या दशांश चिन्हापुढील अंकांकडे पाहण्यापूर्वी ती संख्या कोणत्या रीतीने गोळा झाली हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली, तर संख्याशास्त्राच्या प्राथमिक अध्यापनाचा मोठा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.